रोज एक चांदणी

३० नोव्हेंबर १९९७, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. फादर मिस्सेत म्हणाले, नाताळ यायच्या आत मनातला केर काढा. माझ्या मनातला सगळा केर एकाच बाईच्या नावाचा आहे आणि तो काढायची मला मुळीच इच्छा नाही. म्हणून ही वही. ह्यांच्या शाळेतली आहे, निम्मी कोरी.

बाईचं नाव सालोमी. शेजारच्या गास गावची. तीस वर्षं मुंबईत नर्स होती, लग्न केलं नाही, आता निवृत्त होऊन भावाच्या घरामागच्या खोलीत राहते आणि सायकलवरून गावोगाव इंजेक्शनं देत फिरते. पन्नाशीची बाई, सायकलवर! आमच्या लग्नाआधी ह्यांच्यासाठी तिचं स्थळ आलं होतं. हे मला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं, तेही नणंदेकडून. आमचं आख्खं वटार गाव ह्यांना सर म्हणतं. चित्रकलेचे फ्रेडरिक सर. फ्रेड्या म्हणणारी तेवढी ती एक.

दोन महिने झाले, दर सोमवारी आणि गुरुवारी शाळा सुटली की हे गासला जातात. "पोटाचं जरा दाखवून येतो, इनेझ." का, आपल्या आळीतला डॉक्टर मेला का? घरी मटण केलं तर बाजूला सारतात, वरणभात मागतात. रात्री टक्क जागे आणि दिवसा खुर्चीत पेंगतात. तोंडाला कसलातरी गोडसर, कोंदट वास येतो. ती काय खाऊ घालते देव जाणे. मांजराला वाटतं, आपण डोळे मिटले की जगाला दिसत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज गेले मी. मावसबहिणीला केळफूल द्यायचं निमित्त केलं आणि रिक्षाने गासला उतरले. सालोमीच्या खोलीची खिडकी रस्त्यावरच आहे, मुद्दाम डोकवावं लागलं नाही.

हे खुर्चीवर बसलेले. दोन्ही हात समोर ताणलेले, पंजे वर उचललेले, पोलीस गाडी थांबवतो तसे. ती समोर उभी राहून ह्यांच्या हातांकडे बघत होती. नुसती बघत होती! लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझ्या नवऱ्याच्या हातांकडे मी कधी असं बघितलं नाही. मग तिने दोन्ही मनगटं धरली, काहीतरी बोलली आणि हे हसले. मोकळे, दात दाखवून. घरी इतकं हसून वर्ष झालं असेल.

मी रस्त्यात उभी, हातात केळफूल. बहिणीकडे गेलेच नाही. संध्याकाळी त्याच केळफुलाची भाजी केली. हे म्हणाले, छान झालीय. मी म्हटलं, "वाढा हातांनी तुमच्या. हात चांगले चालतात तुमचे."

८ डिसेंबर, सोमवार

सापडलं.

हे अंघोळीला गेले असताना ह्यांची झोळी उलटी केली. हो, केली, देवासमोरही सांगेन. वहीच्या पानांचा एक गठ्ठा निघाला, रबर लावलेला. प्रत्येक पानावर पेनाने काढलेली एक चांदणी, पाच टोकांची. खाली तारीख आणि ह्यांची सही. दुसरं काही नाही. ऑक्टोबरपासून एक दिवस चुकलेला नाही. काही पानांवर कोपऱ्यात तिच्या अक्षरात लाल पेनाने लिहिलंय, 'छान', 'आज सुंदर', 'हे काय रे?'

रोज एक चांदणी! ऑक्टोबरातल्या अगदी नेटक्या आहेत. मधल्या काही थरथरलेल्या आहेत, एकीचं टोक दुसऱ्याला भिडतच नाही. भरून येत असेल काढताना.

माझं चित्र ह्यांनी एकदाच काढलं, साखरपुड्यानंतर, आणि त्यात नाक चुकलं होतं.

गठ्ठा बंबात घातला. पाणी मस्त तापलं.

९ डिसेंबर

झोळी तीनदा चाचपली. मला विचारायची हिंमत झाली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

१४ डिसेंबर, रविवार

नणंद क्लेमेंटीन जेवायला आली होती. तिला न सांगता सगळं ठाऊक असतं. भांडी विसळताना म्हणाली, "वहिनी, फ्रेडी ती बाटली कसली पितो गं?"

बाटली मी रोज बघते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. वरचा कागद खरवडून काढलेला. आत पिवळसर, मधासारखं दाट काहीतरी. सकाळ-संध्याकाळ दोन दोन चमचे. "पित्ताचं औषध" म्हणतात. मी बोट बुडवून चाखलंय, गोडमिट्ट आहे. पिऊन दिवसातून तीनदा संडासला पळतात.

"पित्ताचं औषध गोड असतं का कधी?" क्लेमेंटीन म्हणाली. "आणि कागद कशाला काढायचा? अगं, बायका पाजतात काहीबाही. माणूस आपला राहत नाही मग."

मी म्हटलं, क्लेमेंटीन, आपण बाप्तिस्मा घेतलेली माणसं, करणीबिरणीवर विश्वास ठेवायचा नसतो. ती म्हणाली, मी कुठे ठेवते? मी फक्त सांगते.

फक्त सांगून गेली आणि माझ्या जिवाला घोर लावून गेली.

१५ डिसेंबर, सोमवार

केलं. हे शाळेत गेल्यावर बाटली वाडीत नेली, सगळं औषध केळीच्या बुंध्याशी ओतलं. साखरेचा पाक केला, एकतारीच्याही आधी उतरवला, थंड झाल्यावर बाटलीत भरला. रंगासाठी किंचित हळद. एवढी निगुतीने मी नाताळची शंकरपाळीही करत नाही.

संध्याकाळी हे दोन चमचे प्याले. तोंड पुसलं. चव बदललेली कळलीच नाही.

आता पाज म्हणावं सालोमी.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज गुरुवार, आणि हे गासला गेले नाहीत! शाळेतून आले ते सरळ खुर्चीत बसले. मी मुद्दाम विचारलं, "आज जायचं नाही का?" म्हणाले, "कुठे?" तिचं नावसुद्धा काढत नाहीत. तीन दिवसांत उतरलं की औषध!

मी स्वयंपाकघरात असले की मागे येऊन उभे राहतात, काही न बोलता. मी सरकले की तेही सरकतात. नव्या नवरदेवासारखे. आज चपला फ्रीजमध्ये ठेवल्या. मी पोट धरून हसले, मग तेही हसले. संडासलाही आता जावं लागत नाही, दोन दिवस बघते आहे. त्या बाईच्या मेल्या काढ्यानेच पोट बिघडलं होतं.

कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटतंय. लेकीचा, जेनिफरचा बहारीनहून फोन आला तर तिला सांगितलं, डॅडी एकदम घरचे झालेत.

२० डिसेंबर, शनिवार

दरवर्षी आळीच्या तोंडाशी लावायचा मोठा कंदील हेच करतात. बांबूच्या कामट्या, जिलेटीन पेपर, पाच हात उंच चांदणी. आज सकाळपासून अंगणात कामट्या घेऊन बसले होते. दुपारी बघितलं तर तशाच. एक कामटी दुसरीवर ठेवायची, बघायची, काढायची. शेजारचा जेम्स म्हणाला, "सर, मी बांधू का?" तर ह्यांनी कामटी त्याच्या अंगावर फेकली. ह्यांनी! ज्यांनी वर्गात कधी पट्टी उचलली नाही.

मला काय वाटलं ते खरं लिहिते. मला वाटलं, सगळ्या चांदण्या तिला देऊन संपल्या, आळीसाठी उरली नाही.

संध्याकाळी ती आली. सायकल फाटकाला टेकवून म्हणाली, "फ्रेड्या परवा आला नाही. बरा आहे ना? औषध घेतो ना नीट?" माझ्या दारात येऊन मलाच विचारते! मी फाटक उघडलं नाही. म्हटलं, "उत्तम आहेत. औषध वेळेवर घेतात. मी स्वतः देते." "मला दोन मिनिटं बघू दे त्याला." "झोपलेत." झोपले होतेच, खोटं नाही बोलले. "या वेळी झोपलाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आमच्या घरात कोण कधी झोपतं त्याची नोंद तू ठेवतेस का?"

गेली. जाताना दोनदा वळून बघितलं.

२१ डिसेंबर, रविवार

मिस्सेला पायजम्यावर कोट घालून निघाले होते, मी पकडून बदलायला लावला. चर्चमध्ये गीत संपलं तरी एकटेच गात राहिले. घरी आल्यावर मी पाणी दिलं तर पेला हातातून सुटला. पंजा झटकल्यासारखा हलत होता.

आणि मला म्हणाले, "सालोमी, पुसून घे गं."

मी पुसलं नाही. पाणी दुपारपर्यंत तसंच होतं. मग माझाच पाय घसरला.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

जेवण झकास झालं. डुकराचं मटण, कोंबडी, मैद्याचे तळलेले फुगे, अंड्याचा केक. हे नुसते बसून होते, मी हाताने भरवलं. नको म्हणत मान फिरवत होते, मी म्हटलं, दोन महिने दुसरीचं ऐकून वरणभात खाल्लात, आज माझ्या हातचं खा. तीन वेळा मटण वाढलं. सगळं खाल्लं. क्लेमेंटीन म्हणाली, बघ, कसा वळला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

उठत नाहीत. हलवलं, पाणी मारलं, चिमटा काढला तर फक्त कण्हतात. जेम्सने रिक्षा आणली. विरारच्या दवाखान्यात दाखल केलं. आत घेऊन गेलेत. देवा, देवा, देवा.

२७ डिसेंबर, शनिवार

नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल.

कुणी कळवलं माहीत नाही, सकाळी सालोमी आली. नर्सच्या चालीने सरळ आत गेली, डॉक्टरांशी बोलली. मग डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, "दारू किती वर्षं घेतायत?"

मी ओरडलेच. माझा बाप दारूने गेला, पोट माठाएवढं होऊन. माझ्या नवऱ्याने मिस्सेतल्या वाइनपलीकडे थेंब घेतलेला नाही. सालोमी म्हणाली, "डॉक्टर, दारू नाही. जुनी कावीळ आहे, बी प्रकारची. लिव्हर त्याने आकसलंय. सप्टेंबरपासून माझ्या नजरेखाली आहे."

सप्टेंबरपासून. आणि मला पित्त.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपण खातो त्यातून, मांसमच्छीतून जास्त, आतड्यात अमोनिया तयार होतो. मी विचारलं, अर्नाळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात असतो तो? म्हणाले, तोच. चांगलं लिव्हर त्याचा युरिया करून लघवीवाटे घालवतं. ह्यांच्या लिव्हरला ते जमत नाही, मग अमोनिया रक्तातून थेट मेंदूत चढतो. मेंदूत म्हणे चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात, बाकीच्या पेशींची देखभाल करणाऱ्या. त्या हा अमोनिया आपल्या पोटात घेतात आणि पाणी धरून फुगतात. त्या फुगल्या की एका पेशीचा निरोप दुसरीला पोचत नाही. माणूस आधी दिवसा झोपतो, रात्री जागतो. मग विसरतो, चिडतो, माणसं चुकतो. हात समोर धरायला सांगितले तर पंजे झटकतात. चांदणी काढायला सांगितली तर जुळत नाही. मग बेशुद्धी.

"चांदणी?" मी विचारलं.

सालोमी म्हणाली, "रोज एक काढायला लावत होते मी त्याला, सहीसकट. डोक्यात किती चढलंय ते चांदणी बघून कळतं. सगळे कागद त्याच्याकडेच होते, तारखेप्रमाणे; शेवटी आला तेव्हा घरी राहिले म्हणाला. कुठे आहेत गं? डॉक्टरांना दाखवू."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"आणि ते गोड औषध?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेच तर मुख्य. ते पोट साफ ठेवतं, अमोनिया रक्तात शिरायच्या आत बाहेर काढतं. "तुम्ही नियमित देत होतात असं या सांगतात. तरी एवढं चढलं. कुठे रक्तस्राव नाही, ताप नाही. नाकातून नळी घालून औषध देतोय, पण ते चालू असतानाच हे झालं असेल तर लिव्हरच बसत आलंय. मुंबईला नेऊन हाल कशाला करायचे? मुलीला बोलावून घ्या. फादरांनाही."

मी पाकाचं सांगितलं नाही. लिहायची लाज वाटते, पण त्याही क्षणी मनात एकच होतं. सांगितलं तर हिला कळेल. सगळ्या जगाला कळू दे, हिला नको.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी फादर येऊन आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून गेले, कपाळावर आणि हातांवर. त्या हातांवर.

सालोमी बाहेरच्या बाकड्यावर होती. रात्रभर तिथेच बसली होती, हे मला तिथल्या आयाबाईने सांगितलं. मी शेजारी बसले. तिने संत्रं सोलून अर्धं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही.

"बाटलीत औषध नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"पाक होता. साखरेचा. पंधरा तारखेपासून."

मी थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून पुढे बोलत गेले. "औषध मी वाडीत ओतलं. कागद मी जाळले. नाताळला मटण मी भरवलं, नको म्हणत होते तरी. तू दारात आलीस तेव्हा मी तुला आत घेतलं नाही."

"का गं?"

"तुझ्यामुळे."

तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर मी हसत खाल्ली असती. तिने संत्र्याच्या साली पिशवीत टाकल्या, हात पुसले, माझं मनगट धरलं आणि मला खेचत डॉक्टरांच्या खोलीत नेलं. "मला सांगितलंस तसंच सांग यांना. एक शब्द कमी नको."

मी सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. नर्स होत्या, एक पेशंटचा भाऊ होता, सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर उठूनच उभे राहिले. "बाई, तीन दिवस आम्ही कारण शोधतोय! औषध बंद झालं म्हणून चढलं असेल तर ते उतरूही शकतं." नर्सला हाक मारून औषध वाढवायला सांगितलं, एनिमा सांगितला, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. माझ्याकडे मात्र परत बघितलं नाही. बघू नयेच.

दारात सालोमी एवढंच म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंस." मी विचारलं, "तू तरी का नाही सांगितलंस?" म्हणाली, "त्याने शपथ घातली होती. कशासाठी ते त्यालाच विचार, उठला तर."

२९ डिसेंबर

डोळे उघडत नाहीत. पण चिमटा काढला की हात मागे घेतात. नर्स म्हणते, हे चांगलं आहे. आज पाच वेळा चादरी बदलल्या. मीच बदलल्या, कुणाला हात लावू दिला नाही. सालोमीलाही नाही. माझी खोड जात नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

दुपारी सालोमी चहा आणायला खाली गेली होती. मी पलंगाशी एकटीच होते. ह्यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ.

"सालोमी," ते म्हणाले.

आत पुन्हा तीच आग उठली, काय लपवू. पण मी ह्यांची चूक सुधारली नाही.

"इनेझ बाहेर आहे का?"

मी नुसती मान हलवली.

"तिला सांगितलं नाहीस ना?" शब्द एकेक करून येत होते, जड. "सांगू नकोस. तिचा बाप लिव्हरने गेला. शाळेत तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही, दारुड्याची पोर म्हणून. मला म्हणाली होती एकदा, लग्न झालं तेव्हा. एकदाच. आता नवऱ्याचंही लिव्हर म्हटलं की लोक काय म्हणतील? कोण विचारतं, कावीळ होती की काय होतं?" थांबले, दम घेतला. "वाडीतून फुलांची टोपली घेऊन ती चर्चला जाते ना, तेव्हा बघ तिला. मान किती ताठ असते. मला ती तशीच बघायची आहे. मी चार दिवस कमी जगलो तरी चालेल."

शाळेतलं ते मी एकदाच बोलले होते, हे खरं आहे. ते ह्यांच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"नाही ना सांगणार?" ह्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"बरं झालं," म्हणाले आणि झोपले. साधी झोप, नर्सने येऊन बघितलं. उद्यापर्यंत माणसं ओळखतील म्हणाली.

सालोमी दोन कप घेऊन आली. "उठला? बोलला काही?"

"बोलले," मी सांगितलं. "तुझ्याशी बोलले."

तिला कळलं की नाही कोण जाणे. तिने कप माझ्या हातात दिला आणि पलीकडच्या स्टुलावर बसली. मला आजही तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला लिहू. इतकं माझ्याबद्दल हे बोलू शकतात, आणि ते ऐकायला मला दुसरी बाई व्हावं लागलं. उद्या मला ओळखलं की आधी पाकाचं सांगणार आहे. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मी सालोमीच्या सायकलच्या मागे बसून आख्ख्या वटारमधून जाईन आणि विचारतील त्यांना सांगेन की माझ्या नवऱ्याचं लिव्हर आजारी आहे.